रायगड किनाऱ्याची भूमी : तिचा दगड, तिचे पाणी व तिचे हलणे

आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांस आपल्या जमिनीचा आकार, आणेवारी व पोटखराबा तोंडपाठ असतो; परंतु त्या जमिनीखाली काय आहे ह्याची चौकशी विहीर खणण्याची वेळ आल्याखेरीज सहसा कोणी करीत नाही. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली, भूगर्भशास्त्राचे अध्ययन केले नाही. तथापि गेल्या वीस वर्षांत ह्या जिल्ह्यात दरडींचे जे प्रसंग घडले ते पाहता हा विषय केवळ विद्वानांवर सोपवून शेतकऱ्याने स्वस्थ बसावे, असे आम्हांस वाटत नाही. सबब ह्या शास्त्रातील जेवढे आपल्या कामाचे आहे, तेवढे येथे देतो.

आपल्या जिल्ह्याचा मूळ दगड एकच, तो काळा पाषाण होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीस मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर आला, पसरला व थिजला. असे थरावर थर बसून दख्खनचे पठार झाले. सह्याद्रीच्या कड्याकडे खालून पाहिले असता ज्या पायऱ्या दिसतात, त्या ह्याच थरांच्या होत. पनवेलच्या आसपास मात्र हे थर आडवे न राहता पश्चिमेस, म्हणजे समुद्राकडे, कललेले आढळतात. पालीजवळील उन्हेरे व महाडजवळील सव येथे जे उन्हाळे आहेत, त्यांचे पाणीही भूमीच्या पोटात खोलवर गेलेल्या भेगांतूनच तापून वर येते. श्रीवर्धन व म्हसळ्याच्या माळांवर जो जांभा सापडतो, तो निराळा दगड नव्हे. हजारो वर्षांच्या पावसाने काळ्या दगडातील विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली व लोखंड आणि ॲल्युमिनियम ह्यांचे गंज तेवढे मागे राहिले, तोच जांभा. खणून काढताना तो मऊ लागतो व वाऱ्यावर ठेवला की घट्ट होतो, हे चिरे काढणारास सांगावयास नको.

विहीर खणणाराने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. लाव्हारसाच्या प्रत्येक थराचा मधला भाग भरीव असतो व त्यात भेग असल्यावाचून पाणी मिळत नाही. थराचा माथा जाळीदार असतो, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या, भाजल्यासारख्या मातीचा पातळ पट्टा लागतो. पाणी बहुधा ह्या सांध्याच्या आसपास असते. चौल, रेवदंडा, नागाव येथील वाड्यांची गोष्ट वेगळी. तेथे वाळूत मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट वर असेल तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी उभे असते, असा ठोकताळा आहे. हाच हिशेब उलटाही चालतो. पंपाने पातळी एक फूट उतरविली की खालचे खारे पाणी ४० फूट वर चढू पाहते. ज्याच्या सुपारीच्या बागेस मचूळ पाणी लागले, त्याने नवा मोठा पंप घेण्यापूर्वी हा हिशेब करावा.

आता भूमीच्या हलण्याविषयी. पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांस भूपट्ट म्हणतात, व ते अत्यंत मंदगतीने सरकत असतात. आपला भारतीय भूपट्ट हल्ली वर्षास सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. हे कळले कसे, असे कोणी विचारील. लाव्हारस थिजताना त्यातील लोहकण त्या काळच्या चुंबकीय दिशेस धरून स्थिर होतात. ती दिशा मोजून असे ठरले की, आपला काळा दगड बनला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३० अंशांवर होती. आज आपण उत्तरेस साडेअठरा अंशांच्या जवळपास आहो. म्हणजे प्रवास पाच हजारांहून अधिक किलोमीटरांचा झाला. वर्षास ५ सेंटिमीटर धरून ६ कोटी ६० लाख वर्षांचा गुणाकार केला तर केवळ ३,३०० किलोमीटर येतात व हिशेब जुळत नाही. त्याचे कारण असे की, आरंभी हा भूपट्ट पुष्कळ अधिक वेगाने चालला होता. आशियाखंडास जाऊन भिडल्यावर, व हिमालय उभा राहू लागल्यावर, त्याचा वेग मंदावला. चुंबकत्वाची नोंद घेणारी एक वेधशाळा आपल्या अलिबागेसच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे हे काम येथे आणले गेले व १९०४ पासून येथे नोंदी होत आहेत.

भूपट्टाच्या कडा एकमेकींस भिडतात तेथे मोठे भूकंप होतात. आपण कडेवर नाही, मध्यभागी आहो. परंतु त्यामुळे निर्धास्त राहता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेस भूकंप झाला व सुमारे १८० माणसे दगावली. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर तेथे धक्के वाढले होते. पाण्याचा भार व भेगांत शिरलेले पाणी ह्यांनी जुन्या भेगा सरकतात, असे शास्त्रज्ञ मानतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यांतील बहुतेक दगडमातीच्या जड भिंतींखाली. आणि २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ, जेथे खरोखरीच दोन भूपट्टांची कड आहे, मोठा भूकंप होऊन त्याच्या समुद्रलाटा मुंबईपर्यंत आल्या व तेथेही माणसे बुडाली. सबब खारीत काम करणाऱ्यांनी एवढे जाणावे की, भरतीओहोटीच्या वेळेवाचून समुद्र एकाएकी दूर हटला, तर मासे वेचण्यास पुढे न जाता उंच जागेकडे धावावे.

हे सर्व खरे असले तरी आपल्या जिल्ह्यात भूकंपापेक्षा डोंगर खचल्याने अधिक माणसे मेली आहेत. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह हाती लागले व त्याहून अधिक माणसे ढिगाऱ्यातच राहिली. ही वाडी दरडीच्या गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सरकारने सांगितले. यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही. आणि आमच्या अनुभवाने सांगतो की, यादी ही नेहमी मागल्या पंचनाम्यावरून होते.

दरड कशी सुटते ते पाहू. उतारावर वरती माती, तिच्याखाली कुजलेल्या दगडाचा मुरूम व त्याखाली अभेद्य पाषाण असतो. संततधार पावसात पाणी माती व मुरूम ह्यांतून झिरपत जाऊन पाषाणावर अडते. वरचा थर भिजून जड होतो, आणि खालच्या पाण्याचा दाब त्यास उचलून धरू लागतो. असे झाले म्हणजे कणांची पकड सुटते व सगळा थर एकदम पाषाणावरून घसरतो. ह्यास आपले हातही लागतात. घरासाठी वा रस्त्यासाठी उताराचा पायथा उभा तोडला की वरच्या मातीचा टेकू गेला. राबासाठी कवळ बेसुमार तोडून झाड वाळले की काही वर्षांत मुळे कुजतात व मातीची बांधणी जाते. घरांच्या वरच्या अंगास बांध घालून पाणी अडविणे हे तर सर्वांत घातक. पाणी अडवा हा उपदेश सपाट शेतास व सौम्य माळास योग्य आहे. वस्तीच्या डोक्यावरील चढावर तो लागू करू नये. तेथे पाणी चराने बाजूस काढून ओढ्यास लावावे.

डोंगर बहुधा आधी सूचना देतो. वरच्या अंगास धनुष्याकृती भेग पडते. खांब वा झाडे एका दिशेस कलतात. घराच्या भिंती तडकतात व दारे चौकटीत अडकतात. स्वच्छ झरा अकस्मात गढूळ होतो, किंवा भर पावसात आटतो. शेवटची खूण सर्वांत वाईट, कारण अडलेले पाणी आत साठत असते. भेग दिसली तर पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून ती चिकणमातीने ठासून बुजवावी, पण तेवढ्याने काम झाले असे मानू नये. खुणा दिसत असता पाऊस थांबत नसेल तर माणसांनी व गुरांनी त्याच दिवशी, उजेड असतानाच, जागा सोडावी. भांडीकुंडी मागून नेता येतात.

ज्येष्ठात पेरण्या उरकल्यावर गावातील चार जाणत्यांनी वस्तीवरचा उतार एकदा पायी फिरून पाहावा. भेग आढळल्यास तिच्या दोन्ही काठांस खुंट्या ठोकून अंतर मोजावे, आठ दिवसांनी पुन्हा मोजावे व दोन्ही मापे तारखेनिशी लिहून ठेवावी. अंतर वाढले असेल तर तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी अर्ज द्यावा, एक प्रत तहसीलदार कचेरीत द्यावी आणि दोन्हींवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले दप्तरी लागत नाही. अर्जात सर्व्हे नंबर, भेगेची लांबी, खालच्या घरांची संख्या व ही दोन मापे अवश्य लिहावी.