घरचे माप आधी

गोठ्यात दुभते जनावर असूनही मुलांच्या वाट्याला केवळ चहापुरतेच दूध यावे, असे चित्र काही घरांत दिसते. सकाळची धार दूध संस्थेत जाते आणि सायंकाळचीही तिच्याच वाटेने जाते. दुधाचा पैसा संसारास आवश्यक आहे, यात शंका नाही. १९४६ साली गुजरातेतील खेडा जिल्ह्यात सहकारी दूध संघ स्थापन झाला आणि १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेस प्रारंभ झाला. त्यातून अनेक राज्यांतील उत्पादकांना हक्काची बाजारपेठ लाभली. परंतु विक्रीच्या ओघात घरचेच भांडे रिते राहिले, तर मिळकत वाढूनही कुटुंबाचे पोषण घटते.

गाईच्या २०० मिलिलिटर दुधातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने व २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. प्रथिनांमुळे शरीराची वाढ होते व झीज भरून निघते. कॅल्शियममुळे हाडे व दात बळकट होतात. तांदूळ, ज्वारी यांच्या प्रथिनांतील उणीव दुधातील प्रथिने भरून काढतात. म्हणूनच दहीभात, ताक-भाकरी व ताकातील नाचणीची आंबील हा साधा परंतु सकस आहार होय. दूध पचत नाही अशा काही व्यक्तींना दही किंवा ताक मानवते.

लोणी काढल्यावर ताकात स्निग्धांश अल्प राहतो. मात्र प्रथिने व कॅल्शियम बहुतांशी त्यातच राहतात. तेव्हा तूप विकणाऱ्या घरानेही ताक वाया घालवू नये. मात्र त्यात बेसुमार पाणीही मिसळू नये.

दुधाची वाटणी करताना मुलगा व मुलगी असा भेद करू नये. गर्भवती व स्तनदा मातांचा वाटा शेवटी उरेल तेवढाच, असेही होऊ नये. पहिले सहा महिने अर्भकास केवळ मातेचे दूध द्यावे. त्यानंतर पूरक आहार सुरू करून दोन वर्षांपर्यंत स्तनपान चालू ठेवणे हितावह असते.

दूध उकळूनच वापरावे. कच्च्या दुधातून क्षयासारखे रोग पसरू शकतात. तापविलेले दूध झाकून, थंड जागी व उन्हापासून दूर ठेवावे. दही-ताक कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये.

दुधात लोह व ‘क’ जीवनसत्त्व अत्यल्प असते. यास्तव पालेभाज्या, कडधान्ये, आवळा, लिंबू आणि चालत असल्यास मासळी यांची जोड आवश्यक आहे.

पाच माणसांच्या घरात प्रत्येकी २०० मिलिलिटर धरल्यास दररोज १ लिटर दूध लागते. तितके शक्य नसेल, तर निदान मुले व माता यांचा वाटा राखून ठेवावा. संस्थेकडे निघण्यापूर्वी घरचे माप बाजूला काढण्याची सवय प्रत्येक उत्पादकाने लावून घ्यावी. उरलेले दूध विकून येणारा पैसा मग खऱ्या अर्थाने लाभाचा ठरेल.