ज्येष्ठा : नाव थोरलीचे, वय धाकटीचे

आषाढात आकाश निरभ्र सापडल्यास रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे दृष्टी टाकावी. वृश्चिकाच्या वळणात एक तांबूस, ठळक तारा दिसेल व त्याच्या दोन्ही अंगांस दोन मंद तारे असतील. हे तिन्ही मिळून ज्येष्ठा नक्षत्र होय. मधला तांबडा हा तिचा योगतारा. पाश्चात्त्य लोक त्यास अँटारिस, म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी, असे म्हणतात. रंग पाहता ते नाव साजते.

लोहाराच्या भट्टीतील लोखंड आधी तांबडे होते, अधिक तापले म्हणजे पिवळे, पांढरे. ताऱ्यांचेही तसेच आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तप्त आहे, तर ज्येष्ठेचा सुमारे ३,४०० अंशच. असे असूनही ती सूर्याच्या हजारो पट प्रकाश देते, याचे कारण तिचा आकार. तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ७०० पट आहे. सूर्याच्या जागी तिला ठेविले तर बुध, शुक्र, आपली पृथ्वी व मंगळ हे चौघेही तिच्या पोटात जातील!

परंतु खरे नवल पुढेच आहे. एवढ्या विस्तारात द्रव्य किती? अवघे बारा सूर्यांइतके. सुमारे ३४ कोटी सूर्य मावतील अशा जागेत ते पसरलेले असल्याने, सरासरीने पाहता ही तारका आपण श्वासात घेतो त्या हवेहूनही हजारो पटींनी विरळ आहे. तिला घट्ट असे पृष्ठ नाहीच. चिलीतील दुर्बिणींनी २०१७ साली तिच्या वायूच्या हालचालींचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात हा वायू अपेक्षेहून पुष्कळ दूरवर उसळताना आढळला.

समईत जाड वात घातली की तेल लवकर सरते. ज्येष्ठेचे इंधन असेच झपाट्याने जळत आहे. तिचे वय एक ते दीड कोटी वर्षे, सूर्याचे ४६० कोटी. म्हणजे नावाने थोरली, वयाने अगदीच धाकटी. पुढे कधीतरी तिचा स्फोट होईल, पण इतक्या अंतरावरून पृथ्वीस त्याचे भय नाही.

आता एक घरगुती गोष्ट. ज्येष्ठा नक्षत्राची मुलगी थोरल्या दिरास जड, असे म्हणून चांगली स्थळे परत गेलेली आम्ही पाहिली आहेत. पत्रिकेतील ज्येष्ठा म्हणजे जन्मवेळी चंद्र राशिचक्राच्या १३ अंश २० कलांच्या एका विभागात होता, एवढेच. चित्रापक्षीय गणिताने तर हा तारा त्या विभागात पडतही नाही. तो किंचित अलीकडे, अनुराधेच्या शेवटच्या अंशात येतो. शिवाय तो सुमारे ५५० प्रकाशवर्षे दूर. आज आपणांस दिसणारा त्याचा किरण निघाला तेव्हा त्या दिराचे खापरपणजोबाही जन्मले नव्हते. मुलीचा यात काय दोष?

चंद्र मात्र दर महिन्यास ज्येष्ठेजवळून जातो आणि काही वर्षी तिला झाकूनही टाकतो. १८१९ च्या एप्रिलात असेच पिधान झाले असता व्हिएन्नाच्या ब्यूर्ग या ज्योतिर्विदास चंद्रकडेवर प्रथम एक मंद तारा व काही क्षणांनी तेजस्वी ज्येष्ठा प्रकटलेली दिसली. तो मंद तारा म्हणजे तिचा निळसर सोबती. तिच्या झगमगाटात तो साध्या डोळ्यांस कधीच दिसत नाही.