सीझन तीन आठवड्यांचा, तयारी कधीपासून?



राखी, आकाशकंदील, फराळ... तुमचा धंदा छोट्या सीझनचा असेल, तर आजचं टेनिसचं उदाहरण नीट वाचा.

फ्रेंच ओपन संपल्यावर विम्बल्डनपर्यंत साधारण तीनच आठवडे मिळतात. महिलांच्या गवतावरच्या बहुतेक स्पर्धा याच दिवसांत होतात: नॉटिंगहॅम, बर्लिन, ईस्टबोर्न. सराव हवा म्हणून वरच्या नंबरच्या खेळाडूही तिथेच येतात. मग दोनशेव्या नंबरच्या मुलीच्या वाट्याला उरते क्वालिफायिंग. पहिलीच मॅच हरली की आठवडा गेला. विमान, हॉटेल, कोच, हा खर्च मात्र होतोच!

विम्बल्डनचा हिशोब बघा. महिला एकेरीत जागा १२८. त्यातल्या साधारण १०४ रँकिंगवर, ८ वाइल्ड कार्डवर. उरलेल्या १६ जागांसाठी क्वालिफायिंगमध्ये १२८ जणी! सलग तीन मॅच जिंकल्या तरच आत.

आता खरा मुद्दा. रँकिंगची यादी सुमारे सहा आठवडे आधी ठरते. तेव्हा गवताचा सीझन सुरूसुद्धा झालेला नसतो. म्हणजे गवतावरची जागा मिळते ती मुख्यतः क्ले आणि हार्ड कोर्टवर वर्षभर कमावलेल्या पॉइंट्सवर.

आपण काय शिकायचं?

१. स्टॉल आणि ऑर्डर सीझनआधीच पक्क्या करा.
२. गिऱ्हाईक वर्षभर जोडा. ऐन दिवाळीत ओळख करून घ्यायला कुणाला वेळ नसतो.
३. एक आठवडा बुडाला तरी तग धरेल, एवढंच भांडवल एका खेपेत घाला.

गृहपाठ: तुमच्या सीझनची तारीख वहीत लिहा. सहा आठवडे मागे मोजा. त्या दिवसापर्यंत कुणाकुणाशी बोलून ठेवायचं, ती यादी आजच करा.