पाहुण्यांना सावंतवाडीत दाखवू काय?

प्रश्न : पुण्याहून नणंद सहकुटुंब दोन दिवस येतेय. आमच्या सावंतवाडीत पाहण्यासारखं काय आहे? गोव्यालाच न्यावं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताई, रोज तळ्याकाठून जाणाऱ्याला तळं दिसेनासं होतं, एवढंच! गोवा कुठे पळत नाही. संध्याकाळी मोती तलावाभोवती रमतगमत फेरी मारा. सकाळी राजवाड्यात गंजिफा दाखवा. हातानं रंगवलेली पत्त्यांची ती गोल पानं. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे 120. मुलं मत्स्य, कूर्म शोधत बसतील. मात्र राजवाड्याच्या वेळा आधी विचारून ठेवा. मग चितारआळी. लाकडी फळं, भातुकली, पाट घ्या. पण हातात धरून, निरखून. बाहेरून आलेला प्लॅस्टिकचा मालही शेजारीच मांडलेला असतो. पावसाळा असेल तर आंबोलीला जा, फक्त रविवार टाळा. धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतील. आणि जेवायला हॉटेल कशाला? तुमच्या हातची घावनं, काळ्या वाटाण्याची आमटी आणि सोलकढी पुण्यात रोज मिळत नाही. तिखट मात्र मुलांच्या बेतानं घाला.