आवड : सापडते की जडते?

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की 'पुढे काय?' हा प्रश्न चहूबाजूंनी विचारला जातो. घरी आलेले पाहुणे विचारतात, एस. टी.त शेजारी बसलेले गृहस्थ विचारतात, आणि रात्री दिवा मालवल्यावर आपणच आपल्याला विचारतो. हल्ली या प्रश्नाला एक ठरावीक उपदेश जोडून येतो : 'तुला मनापासून जे आवडते तेच कर.' उपदेश चांगला आहे. पण ज्याला आपली आवडच ठाऊक नाही, त्याने काय करावे? वर्गातील कोणी कविता करतो, कोणी नाटकात रमतो, कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे मैदान गाठतो. आपल्यापाशी मात्र असे काहीच नाही, ही बोच अनेकांच्या मनात असते. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांत ती अधिक. कारण कित्येकांनी ही शाखा निवडलेलीच नसते. कुणाचे गुण कमी पडले, कुणाला विज्ञान शाखेचा खर्च पेलला नाही, कुणाला हेच कॉलेज गावापासून जवळ पडले. या बोचेचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपली भाषा काय सांगते ते पाहू. मराठीत छंद जडतो, नाद लागतो, गोडी लागते, आवड निर्माण होते. 'मला काल छंद सापडला' असे कोणी म्हणत नाही. हरवलेली वस्तू सापडते. कारण ती आधीपासून कुठेतरी असतेच. जडणारी गोष्ट मात्र सहवासाने जडते. आवड आपल्या मनाच्या कोपऱ्यात तयार होऊन पडलेली आहे आणि ती फक्त शोधून काढायची आहे, ही समजूतच मला मुळात चुकीची वाटते. तिच्यामुळे माणूस हातातील काम सोडून स्वतःचे मन चाचपडत बसतो, आणि काही गवसले नाही की स्वतःला रिकामा समजू लागतो.

ज्यांची आवड पुढे सर्वश्रुत झाली, त्यांची चरित्रेही हेच सांगतात. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणितच शिकवीत. संख्याशास्त्र नीट समजून घेण्यासाठी त्यांना एखादा प्रत्यक्ष प्रश्न हवा होता. तो त्यांनी प्राचीन आहत नाण्यांत शोधला. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते, त्याचे वजन घटते. तेव्हा वजनांच्या अभ्यासावरून नाण्यांचा कालक्रम लावता येईल, असा तो विचार. त्यासाठी त्यांनी हजारो नाणी तराजूत घातली. पण वजने घेता घेता पुढचा प्रश्न उभा राहिला : ही नाणी पाडली कोणी, आणि कोणत्या समाजात ती फिरली? त्या प्रश्नाने त्यांना संस्कृत ग्रंथांकडे, पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटांकडे आणि खेड्यांतील दैवतांकडे नेले. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी दिशा दाखविणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इतिहासाची आवड आधी आणि नाणी मागून, असे येथे घडले नाही. तराजू आधी आला.

दुसरे उदाहरण महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे. ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत. 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाचे संपादन करताना, वाचकांच्या सोयीसाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा थोडक्यात परिचय जोडावा, असे त्यांच्या मनात आले. तो परिचय वाढतच गेला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आणि पाचवा १९६२ साली प्रसिद्ध झाला. सर्व मिळून सुमारे साडेसहा हजार पाने! १९६३ साली त्यांना भारतरत्न देण्यात आले. बत्तीस वर्षांच्या या कामाचा आरंभ एका प्रस्तावनेपासून झाला.

यावर कोणी म्हणेल, 'पण काहींची आवड बालपणीच ठरलेली असते. पक्षितज्ज्ञ सालिम अलींचे पाहा.' गोष्ट प्रसिद्ध आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पक्ष्यांचे जग त्यांच्यापुढे उघडले. पण गोष्ट सांगणारे बहुधा येथेच थांबतात. मधला काळ आपल्याला अधिक शिकविणारा आहे. ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेले. परत येऊन त्यांनी हिशेबाचे आणि व्यापारी कायद्याचे शिक्षण घेतले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकांना माहिती सांगण्याची नोकरी केली. जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून १९३० साली परतले, तर ती जागाच उरली नव्हती. मग अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पारखते, आणि एक संसार मार्गी लागला की नर दुसरे घरटे विणू लागतो, हे त्यांनी तासन् तास बसून टिपले. बालपणीची ठिणगी खरी. पण ती विझू न देणारे काम पुढची अनेक वर्षे चालू होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. सालिम अलींच्या घराण्याचा जो आधार त्यांना होता, तो आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. माझ्या थोरल्या भावाने बारावीनंतर शिक्षण सोडले, म्हणून मी या वर्गात बसतो. 'अजून माझी आवड ठरत नाही' असे त्याला सांगून वर्षभर घरी बसण्याची मुभा मला नाही, आणि ती मागणेही मला शोभणार नाही. म्हणून उपजीविका आणि आवड हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत, असे मी म्हणतो. पहिल्याचे उत्तर लवकर द्यावे लागते; दुसऱ्याला वेळ द्यावा लागतो. काण्यांची वकिली धर्मशास्त्राच्या आड आली नाही; उलट तिने घर चालविले. नोकरी पत्करली म्हणजे आवडीला मूठमाती दिली, असे मानण्याचे कारण नाही.

मला स्वतःला या गोष्टीचा थोडा अनुभव आहे. आमच्या गावची गाडी संध्याकाळी सव्वासहाला. कॉलेज सुटते दुपारी. मधल्या वेळेत करण्यासारखे काही नव्हते म्हणून मी मोडी लिपीच्या वर्गात बसू लागलो. पहिले काही आठवडे कंटाळवाणे गेले. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायची. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि कित्येक अक्षरे एकमेकांची जुळी भावंडे वाटतात. पुढे एका शेजाऱ्यांनी जमिनीचा जुना कागद दाखविला. त्यातील 'मौजे' हा शब्द आणि त्यापुढचे आमच्या गावाचे नाव मला वाचता आले. त्या दिवसापासून वर्ग कंटाळवाणा राहिला नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतील असे लक्षावधी कागद आहेत, हे पाठ्यपुस्तकात मी पूर्वीच वाचले होते. त्या वाक्याचा अर्थ मात्र तेव्हा कळला. मी मोठा संशोधक होईन असा माझा दावा नाही. तूर्त मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि आठवड्यातून दोन दिवस मोडी वाचतो. दोन्ही चालू आहे.

आपल्याला एखादी गोष्ट जडते आहे की नाही, हे ओळखण्यासाठी मला तीन खुणा उपयोगी वाटतात. पहिली, त्या कामातील रटाळ भाग आपण सहन करतो का? प्रत्येक कामात तराजूचा भाग असतोच. रंगमंचाचे आकर्षण सर्वांना असते, तालमीचे फार थोड्यांना. दुसरी, काम संपल्यावरही त्यातला एखादा प्रश्न आपल्याबरोबर घरी येतो का? तिसरी, कोणी शाबासकी दिली नाही तरी ते काम कालच्यापेक्षा नीट व्हावे असे वाटते का? तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील, तर ते काम निमूटपणे सोडून दुसरे हाती घ्यावे. त्यात लाज कसली? मात्र निवाडा पहिल्या आठवड्यात करू नये. निदान एक सत्र तरी द्यावे.

मित्रहो, यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या ग्रंथालयात 'कमवा व शिका' योजनेतील मुले पुस्तकांची नोंद करतात. त्यांना विचारा, कोणती पुस्तके कधीच बाहेर जात नाहीत आणि का. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावाच्या पाण्याची पाहणी होते. तिचा तक्ता स्वतः भरा. आजीच्या तोंडचे, कोशात न मिळणारे शब्द वहीत उतरवा. यांपैकी काय जडेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण रिकाम्या हाताला काही जडत नाही, एवढे मात्र निश्चित.