तक्त्यातून चिठ्ठी

आपल्या फलटण भागात दुधाचा हिशोब आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर असतो. त्या तक्त्यातून प्रत्येकाची चिठ्ठी काढायची आहे. पेरणीआधी नांगरट, तशी आधी तयारी करू.

१. संगणकात पायथन बसवावी. संगणकाला हुकूम देण्याची ही भाषा १९९१ साली निघाली. ती फुकट मिळते.

२. तक्त्याची नक्कल वेगळ्या फोल्डरात ठेवावी. मूळ तक्त्याला हात लावू नये.

३. मराठीसाठी युनिकोड निवडावे. नाहीतर नावांच्या जागी भलतीच चिन्हे येतात.

४. खातेनंबर अक्षरे म्हणून वाचायला सांगावे. नाहीतर ००४५ चे ४५ होते. मग पैसे अडतात.

आम्ही आधी दोनच चिठ्ठ्या काढून ताडून बघतो. तुम्हीही आपली चिठ्ठी वाचा. चूक दिसली तर विचारा. आता वाचता येतंय, मग भ्यायचं कशाला?