रेडिएटरचा पंखा किती अंशांवर सुरू व्हावा?

मोटार दुरुस्ती हा आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या रोजीचा व्यवसाय आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील दुकानांपासून तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या लहानशा गॅरेजपर्यंत आपले तरुण उस्तादाच्या हाताखाली हे काम शिकतात. हातात कसब येते, परंतु एखादे काम अमुकच रीतीने का करायचे, हे शिकवले जातेच असे नाही. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे रेडिएटरचा विजेवरचा पंखा. "गाडी गरम होते" अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की थर्मो स्विचच्या दोन वायरी जोडून फॅन "डायरेक्ट" केला जातो. चावी फिरवली की फॅन सुरू, चावी काढली की बंद. गिऱ्हाईक खूश होते आणि पैसेही मिळतात. पण गाडीचा रोग मात्र तसाच राहतो. म्हणून फॅन सुरू होण्याचे तापमान कसे ठरते आणि ते बदलायचे झाल्यास कसे बदलावे, हे येथे पाहू.

तीन आकडे लक्षात ठेवा

पहिला आकडा थर्मोस्टॅटचा. तो बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो, उदाहरणार्थ ८२ किंवा ८८. या तापमानाला तो उघडू लागतो आणि पूर्ण उघडायला आणखी सुमारे दहा-पंधरा अंश लागतात. तोपर्यंत इंजिनातले पाणी रेडिएटरकडे पुरते जात नाही.

दुसरा आकडा फॅनच्या स्विचचा. यात खरे तर दोन आकडे असतात. ९२-८७ असे लिहिले असेल तर फॅन ९२ अंशांवर सुरू होतो आणि पाणी ८७ अंशांपर्यंत निवले की बंद होतो. मधले हे पाच अंशांचे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. ते नसेल तर फॅन क्षणाक्षणाला चालू-बंद होईल आणि रिलेचे पॉइंट जळतील.

तिसरा आकडा पाणी उकळण्याचा. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंशांवर उकळते. रेडिएटर कॅपवर ०.९ असे लिहिलेले असेल तर ती कॅप प्रति चौरस सेंटिमीटर ०.९ किलो दाब धरून ठेवते, आणि तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मे कुलंट घातले तर ही मर्यादा आणखी वर जाते.

फॅन सुरू होण्याचा आकडा पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मध्ये हवा. त्याच्या मागे थर्मोस्टॅट उघडलेला असावा आणि त्याच्या पुढे उकळण्याला पुरेसे अंतर असावे. सारे सेटिंग या एका नियमात आले.

आकडा चुकला तर काय होते?

समजा थर्मोस्टॅट ८२ चा आहे, फॅनचा स्विच इंजिनातून पाणी बाहेर पडते तेथे आहे आणि फॅन ७५ वर सुरू होईल असा केला. थर्मोस्टॅट इंजिनाला ८२ च्या खाली येऊच देणार नाही, म्हणून एकदा सुरू झालेला फॅन थांबणारच नाही. इंजिन थंड राहील ही कल्पना फोल ठरते. फक्त मोटरचे ब्रश आणि बुश लवकर झिजतात आणि अल्टरनेटरवर कायमचा भार पडतो.

त्यावर काही जण थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग इंजिन खरोखरच थंड राहते, पण थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते, ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि कच्चे पेट्रोल मिसळत राहते आणि सिलिंडर झिजतो. टॅक्सीवाल्याला अॅव्हरेज का घसरले ते कळतही नाही.

उलट बाजू अधिक धोक्याची आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे उघडे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. रेडिएटर कॅपचे रबर गेले असेल आणि फॅनचा स्विच ९८ चा असेल, तर फॅन सुरू होण्याआधीच पाणी उकळून बाहेर पडेल. येथे दोष फॅनचा नाही, स्विचचाही नाही. दोष कॅपचा आहे. म्हणून फॅनला हात लावण्याआधी कॅप तपासावी. गरम गाडीची कॅप मात्र कधीही उघडू नये.

आधी रोग ओळखा

गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारा : गाडी कुठे गरम होते? ट्रॅफिकमध्ये किंवा उभी असताना गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते, तर फॅन, स्विच, रिले, फ्यूज किंवा वायरिंगकडे पाहा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जातानाही गरम होते, तर फॅनचा संबंध फारसा नाही, कारण त्या वेगाला समोरचा वाराच पुरेसा असतो. अशा वेळी तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट पाहावे. कसाऱ्यासारख्या घाटात भार जास्त आणि वेग कमी असतो, म्हणून तेथे दोन्ही बाजूंची परीक्षा होते.

आणखी एक गोष्ट म्हणजे पाण्यात अडकलेली हवा. पाणी बदलल्यावर हवा नीट काढली नाही तर स्विचभोवती पाण्याऐवजी हवा राहते. स्विच तापत नाही आणि चांगला असूनही खराब ठरतो.

स्विच तपासण्याची रीत

स्विच काढून गॅरेजसाठी वेगळ्या ठेवलेल्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात बुडवावा. तो तळाला टेकू नये, म्हणून तारेने टांगावा. शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि स्विचला मीटर लावून पाणी हळूहळू तापवावे. मीटर कंटिन्युइटी दाखवतो तो सुरू होण्याचा आकडा. मग आच बंद करून पाणी निवू द्यावे. कंटिन्युइटी तुटते तो बंद होण्याचा आकडा. दोन्ही वहीत लिहून स्विचवरच्या आकड्याशी ताडून पाहावेत. आकडा शंभराच्या जवळचा असेल तर पाण्यात निम्मे कुलंट मिसळावे. कुलंट विषारी असते, म्हणून ते पातेले पुन्हा घरात वापरू नये.

आकडा बदलायचा असेल तर

कंपनीने दिलेला आकडा बहुतेक वेळा योग्यच असतो. तो बदलण्याला कारण असावे. बेल्टवरचा फॅन काढून विजेचा बसवणे किंवा रेडिएटर बदलणे, ही अशी कारणे आहेत. बदलण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याच आट्याचा दुसऱ्या आकड्याचा स्विच लावणे. दुसरा, बटण फिरवून तापमान ठरवता येईल असा कंट्रोलर बसवणे.

प्रोब कुठे बसवायचा यावर आकडा अवलंबून असतो. इंजिनातून पाणी बाहेर पडते तेथे तो असेल तर थर्मोस्टॅटच्या आकड्याच्या सुमारे दहा अंश वर फॅन सुरू करावा, म्हणजे ८२ ला ९२. रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर तेथपर्यंत पाणी निवलेले असते, म्हणून आकडा कमी लागतो. एका गाडीचा आकडा पाहून दुसऱ्या गाडीला लावू नये, तो याच कारणाने.

सेटिंग झाल्यावर गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवावे. फॅन दोन-तीन वेळा आपोआप सुरू आणि बंद झाला पाहिजे. तो बंद होतच नसेल तर आकडा खाली गेला आहे, किंवा रेडिएटर तुंबला आहे. एसी असलेल्या गाडीत एसी चालू करताच फॅन फिरला पाहिजे, ती लाइन तोडू नये. शेवटी जाळीसमोर कागद धरावा. तो जाळीकडे ओढला गेला तर हवेची दिशा बरोबर आहे. दूर ढकलला गेला तर फॅन उलटा फिरतो आहे.

वायरिंग

लहान मोटारीचा फॅनसुद्धा दहा अँपिअरच्या आसपास करंट घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. एवढा करंट थर्मो स्विचमधून नेऊ नये, रिले लावावा. रिलेच्या ३० ला बॅटरीची प्लस वायर फ्यूजमधून आणावी. ८७ वरून फॅनकडे जावे. ८६ ला इग्निशनचा करंट द्यावा आणि ८५ थर्मो स्विचमधून अर्थ करावा. अर्थ गंजलेल्या पत्र्यावर देऊ नये. काम करताना बॅटरीची वायर सोडावी. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो आणि त्याने बोटे गेल्याची उदाहरणे आहेत.

कॉम्प्युटरच्या गाड्या

२००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि पेट्रोल गाड्यांत एमपीएफआय रुळले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. या गाड्यांत फॅनचा हुकूम ईसीयू देतो आणि तो सेन्सरच्या आकड्यावरून देतो. सेन्सरच्या वायरीत रेझिस्टन्स टाकून ईसीयूला फसवण्याची युक्ती काही जण सांगतात. तिच्यापासून दूर राहावे. पेट्रोल किती सोडायचे आणि स्पार्क कधी द्यायचा, हेही ईसीयू त्याच सेन्सरवरून ठरवतो. फॅनसाठी केलेली लबाडी साऱ्या इंजिनाला भोवते. अनेक गाड्यांत सेन्सरची वायर तुटली तर ईसीयू सुरक्षेसाठी फॅन सतत चालवतो. तेव्हा फॅन थांबत नसेल तर आधी स्कॅनर लावावा.

कामातील अमानत

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी एका धान्यविक्रेत्याच्या ढिगाऱ्यात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे त्याने सांगितले. लोकांना दिसावे म्हणून ते ओले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी त्याला विचारले. डायरेक्ट केलेला फॅन हा असाच वरून कोरडा दिसणारा ढीग आहे. आत रेडिएटर तुंबलेला, कॅप गळकी, आणि पुढच्या घाटात हेड बेंड होणार.

कधी रात्रीची वेळ असते, स्पेअर मिळत नाही आणि गिऱ्हाइकाला घरी पोहोचायचे असते. तेव्हा फॅन डायरेक्ट करून देण्यात काही वावगे नाही. मात्र तसे स्पष्ट सांगावे, बिलावर "तात्पुरते" असे लिहावे आणि परत कधी यायचे ते ठरवून द्यावे. गिऱ्हाईक आपली गाडी विश्वासाने सोडून जाते. त्या गाडीवर त्याच्या घरची चूल पेटत असेल. आज थोडे कमी मिळाले तरी जो रोग सांगून काम करतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते आणि दोघांना घेऊन येते, इन्शाअल्लाह.